पैसे देणारा आणि न्याय देणारा एकच नको

सरकारी आरोग्य योजनेतली बिलं थकली म्हणून खासगी रुग्णालयं न्यायालयात गेली, की आपल्याकडे दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, गरिबांच्या योजनेवर दावे ठोकण्याआधी या रुग्णालयांनी गरिबांसाठी राखून ठेवायच्या आपल्या धर्मादाय खाटांचा हिशेब द्यावा. दुसरा म्हणतो, सरकारकडून पैसे सुटतच नाहीत, तेव्हा योजनेतून बाहेर पडलेलं बरं. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात आणि पुढच्याच महिन्यात तेलंगणात खासगी रुग्णालयांनी योजनेतले उपचार थांबवले, तेव्हाही चर्चा याच दोन रुळांवरून धावली. डॉक्टर लोभी की सरकार बेजबाबदार, यावरच सगळा जोर. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र मागेच राहतो. रुग्णालय आणि राज्याची योजना चालवणारी यंत्रणा यांच्यात पैशांवरून किंवा कारवाईवरून वाद झाला, तर तो ऐकायचा अधिकार कोणाचा? माझ्या मते असा वाद उच्च न्यायालयाने ऐकला पाहिजे. ‘हा कराराचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा’ किंवा ‘आधी तक्रार निवारण समितीकडे जा’ असं सांगून याचिका उंबऱ्यावरूनच परत पाठवणं चूक आहे. हे मी रुग्णालयांच्या कळवळ्यापोटी म्हणत नाही. त्या निकालावर ज्याचा उपचार अवलंबून असतो तो रुग्ण खटल्यात पक्षकारच नसतो, म्हणून म्हणतो.

आधी या योजनेत पैसा कसा फिरतो ते नीट पाहू. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये रांचीतून सुरू झाली आणि नंतर दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. आज ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कागदावर हे फार मोठं वचन आहे. ते पाळलं जातं तालुक्याच्या गावातल्या एखाद्या तीस-चाळीस खाटांच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील झालेल्या, रुग्णालयात. समजा, छातीत कळ आली म्हणून एक शेतमजूर तिथे आला. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, त्याचं रेशनकार्ड आणि आधार पाहून नोंद करतो. रुग्णालय प्रीऑथ टाकतं, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी मागतं. मंजुरी आली की अँजिओप्लास्टी होते. मग अँजिओची आधीची आणि नंतरची चित्रफीत, स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर, डिस्चार्जच्या वेळचा रुग्णाचा फोटो, सह्या, केसपेपर हे सगळं अपलोड होतं आणि क्लेम जातो. काही दिवसांनी क्वेरी येते: चित्रफीत अस्पष्ट आहे, पुन्हा टाका. पुन्हा टाकली की दुसरी क्वेरी. मग क्लेम मंजूर होतो, कापून मंजूर होतो किंवा नामंजूर होतो. मंजूर झाल्यावरही पैसे कधी येतील ते वेगळंच. राज्यातल्या राज्यात पंधरा दिवसांत क्लेम निकाली काढायचा, हा आयुष्मान भारतचा स्वतःचा नियम आहे. पण स्टेंट पुरवणारा, औषधवाला आणि नर्सचा महिन्याचा पगार त्या नियमाची वाट पाहत थांबत नाहीत.

आता या साखळीत निर्णय कोणाचे आहेत ते मोजा. पॅकेजचा दर यंत्रणेच्या बाजूने ठरतो. मंजुरी तिच्या किंवा तिने नेमलेल्या माणसांकडून येते. क्लेमची छाननी, कपात, ऑडिट, दंड, निलंबन, योजनेतून काढून टाकणं, सगळं तिच्याच अखत्यारीत. काही ठिकाणी मध्ये विमा कंपनी असते, पण सूत्रं हलतात तिथूनच. आणि एवढं होऊन दाद मागायची झाली, तर जिल्हा समितीनंतर जी राज्यस्तरीय तक्रार निवारण समिती आहे, तिचं अध्यक्षपद आयुष्मान भारतच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार राज्य आरोग्य यंत्रणेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडेच असतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण अशाच व्यवस्थेसाठी आहे. कोणी अधिकारी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. चांगला अधिकारीसुद्धा स्वतःच्या खात्याने नाकारलेल्या रकमेवर निःपक्ष निवाडा कसा देणार? ती रक्कम त्याच्याच अंदाजपत्रकातून जायची आहे.

विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा कायद्याचाच आहे आणि तो टोलवून लावण्यासारखा नाही. रुग्णालय आणि यंत्रणा यांच्यात करार झालेला असतो. करारातली देणी वसूल करायला दिवाणी न्यायालयं आहेत, थेट उच्च न्यायालयात करायची रिट याचिका ही सरकारच्या मनमानीविरुद्धची असाधारण तरतूद आहे. उद्या प्रत्येक कंत्राटदार बिलासाठी उच्च न्यायालयात आला, तर जामिनाचे, कोठडीतल्या मृत्यूचे, विस्थापितांचे खटले कुठे जायचे? शिवाय हजारो क्लेमचा वाद म्हणजे हजारो वस्तुस्थितींचा वाद. स्टेंट खरंच बसवला का, रुग्ण खरंच दाखल होता का, हे शपथपत्रांवरून ठरत नाही. त्यासाठी साक्षी-पुरावे लागतात.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या मतावर ठाम आहे. एक्सपोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन या सरकारी विमा महामंडळाविरुद्ध एबीएल इंटरनॅशनलचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कझाकस्तानला निर्यात केलेल्या चहाचे पैसे बुडाले आणि महामंडळाने विम्याचा दावा नाकारला. वाद कराराचा होता, मागणी पैशाची होती. तरीही डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की राज्यसंस्था करारातही मनमानी करू शकत नाही, आणि केवळ पैशाचा वाद आहे किंवा काही वस्तुस्थिती वादग्रस्त आहे एवढ्यावरून रिट याचिका अग्राह्य ठरत नाही. चहाच्या निर्यातदाराला जे दार उघडं आहे, ते डायलिसिस करणाऱ्या रुग्णालयाला बंद का असावं? आणि दिवाणी दाव्याचा पर्याय सुचवणाऱ्यांनी त्याची वाटही सांगावी. सरकारवर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतू असा की सरकारने नोटीस वाचावी, चूक असेल तर दुरुस्त करावी आणि खटला टळावा. प्रत्यक्षात अशा नोटिसांना उत्तरच दिलं जात नाही, हे २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं. त्यानंतर वर्षानुवर्षं चालणारा दावा, मग अपील, मग वसुली. लहान रुग्णालय तोवर टिकत नाही. ते योजनेतून बाहेर पडतं, आणि त्या तालुक्यातल्या हृदयरुग्णाला जिल्ह्याची वाट धरावी लागते.

वस्तुस्थितीच्या वादाबद्दलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. ज्या क्लेमवर शंका आहे, तिथे साक्षी-पुरावा लागेल हे ठीक. पण थकलेल्या रकमेत स्वतः यंत्रणेने तपासून मंजूर केलेले क्लेमही असतात. तिथे वस्तुस्थिती कसली वादग्रस्त? देणं मान्य आहे, फक्त दिलेलं नाही. मान्य देणं न देण्याला कारण हवं, आणि ते कारण कोणापुढे तरी सांगावं लागलं पाहिजे.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. तो मला कायद्याच्या आक्षेपापेक्षाही जास्त बोचतो, कारण तो खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की आयुष्मान भारतच्या नोंदींमध्ये जवळपास ७.५ लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले होते. मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. हा गरिबांच्या तोंडचा घास आहे आणि ज्यांनी तो पळवला त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण या आकड्यांवरून न्यायालयाने लांब राहावं असा निष्कर्ष कसा निघतो? ते पैसे सुटले तेव्हा कोणतंही न्यायालय मध्ये नव्हतं. दर, मंजुरी, छाननी आणि अपील एकाच छताखाली असतानाच हे घडलं. फसवणूक पकडायची असेल तर कारणं लिहून, पुरावा दाखवून, त्या रुग्णालयाला बाजू मांडू देऊन आदेश काढावा. असा आदेश कोणत्याही न्यायालयात टिकतो. न्यायालयात गडबडतो तो कारणं न देता, नोटीस न काढता, एका ओळीत दिलेला नकार. आणि सरसकट बिलं थकवण्याने फसवणूक थांबते हा तर फारच घातक समज आहे. उशीर सगळ्यांना सारखाच लागतो. बनावट रुग्ण दाखवणाऱ्याने खर्चच केलेला नसतो, त्याला पैसे सहा महिन्यांनी मिळाले तरी नफाच. ज्याने खरा स्टेंट विकत घेऊन बसवला, तो मरतो. म्हणजे थकबाकीच्या चाळणीतून प्रामाणिक माणूस आधी गळतो.

तिसरा आक्षेप लोकशाहीचा आहे. राज्याचा पैसा कुठे आणि आधी कोणाला द्यायचा, हे विधिमंडळ आणि सरकार ठरवतं. न्यायालयाने रुग्णालयांना आधी पैसे द्यायला लावले, तर आशा सेविकांचं मानधन किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची औषधं मागे पडतील. अमेरिकेत हाच वाद गेली पस्तीस वर्षं चालू आहे आणि तो आपण डोळसपणे पाहायला हवा. तिथल्या मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेत केंद्र आणि राज्यं मिळून पैसा देतात, योजना राज्यं चालवतात. १९९० मध्ये व्हर्जिनियाच्या रुग्णालय संघटनेच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांना राज्याविरुद्ध वाजवी दरासाठी दाद मागू दिली. राज्यांवर खटल्यांचा भार पडला आणि १९९७ मध्ये तिथल्या संसदेने वाजवी दराची ती तरतूदच कायद्यातून काढून टाकली. पुढे आयडाहो राज्यात अपंगांना सेवा देणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. दर वाढवायला हवेत असं राज्याच्याच अभ्यासातून निघालं होतं, पण विधिमंडळाने पैसा दिला नाही. खालच्या न्यायालयांत संस्था जिंकल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठवलं: राज्याने कायदा मोडला असेल तर केंद्राच्या आरोग्यमंत्र्यांनी राज्याचा निधी रोखावा, संस्थांना दाव्याचा हक्क नाही. आणि जून २०२५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या खटल्यात, आपल्या पसंतीच्या पात्र सेवादात्याकडे उपचार घेण्याची जी तरतूद मेडिकेड कायद्यात आहे, तिच्यासाठी रुग्णालाही दावा करता येत नाही असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी आला. म्हणजे आधी सेवा देणारा बाहेर गेला, पाठोपाठ सेवा घेणारा. राज्याने गरिबांचा हक्क मोडला तर उपाय काय, तर त्याच गरिबांसाठी येणारा निधी बंद करायचा. असा उपाय कोणता मंत्री कधी वापरेल? रुग्णालयाला दार लावलं तर रुग्णाचं दार आपोआप उघडं राहतं, या समजुतीला अमेरिकेच्या या अनुभवातून उत्तर मिळतं.

त्यातून एक मर्यादा मात्र मी मनापासून स्वीकारतो. पॅकेजचे दर ठरवणं हे न्यायालयाचं काम नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती आणि मोतीबिंदूला किती, हे न्यायमूर्तींनी ठरवू लागू नये. इथे रुग्णालयांचं हित आणि रुग्णाचं हित उलट दिशेला जाऊ शकतं. करोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली, तेव्हा नागपुरातल्या रुग्णालयांची संघटना न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर खंडपीठाने करोनाबाधित नसलेल्या रुग्णांपुरती ती मर्यादा रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल कसाही असो, ज्यांना ते बिल भरावं लागलं त्यांना त्यातून दिलासा मिळाला नाही. सेवादात्यांचा प्रत्येक दावा लोकहिताचा असतो असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण दर ठरवणं वेगळं आणि ठरलेल्या दराने झालेल्या कामाचे पैसे मागणं वेगळं. पहिल्यात धोरण आहे. दुसऱ्यात धोरण संपलेलं आहे, शब्द दिला गेलेला आहे, त्या शब्दावर विसंबून माणसाच्या छातीत स्टेंट बसलेला आहे. अंदाजपत्रकाचा युक्तिवाद योजना जाहीर करताना करायचा असतो.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८२८ साली पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला नातेवाइकांच्या ताब्यातून हजर करा, असा आदेश मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने तो बजावायला नकार दिला. मुंबई शहराबाहेरच्या रहिवाशांवर या कोर्टाचा अधिकार चालत नाही, आणि तो चालू दिला तर सरकारचा वचक राहणार नाही, अशी सरकारची भूमिका होती. न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी, माझे आदेश पाळले जाणार नसतील तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही म्हणून, एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने कौल दिला. पुढची सव्वाशे वर्षं रिटचा अधिकार मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांपुरताच राहिला. पुणे, सातारा, नागपूर त्याच्या बाहेर. घटनाकारांनी हा इतिहास जाणूनच अनुच्छेद २२६ लिहिला: प्रत्येक उच्च न्यायालयाला, आपल्या संपूर्ण प्रदेशात, कोणत्याही व्यक्तीविरुद्ध किंवा प्राधिकरणाविरुद्ध, सरकारविरुद्धही, आणि मूलभूत हक्कांसाठीच नव्हे तर ‘इतर कोणत्याही प्रयोजनासाठी’. ‘प्रशासनाच्या कामात कोर्टाने पडू नये’ असं आज कोणी म्हणतं, तेव्हा माल्कमचीच बाजू मांडली जात असते. तेव्हा ती जिंकली, कारण त्या कोर्टाच्या सनदेत मर्यादा होती. आज ती मर्यादा घटनेत नाही.

आणि धर्मादाय खाटांचा हिशेब मागणाऱ्यांना तर माझा थेट प्रश्न आहे. तो हिशेब मागायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही महाराष्ट्रातली योजना २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच, रिट याचिकेवर, आखून दिली. ज्या अधिकारक्षेत्राच्या बळावर रुग्णालयांना वेसण घातली गेली, तेच अधिकारक्षेत्र रुग्णालयांच्या याचिकेपुरतं आखडतं घ्यायचं, हे न्यायाला धरून नाही. ते शाबूत राहिलं तर दोन्हीकडे चालतं. न्याय मागायला आलेल्याला न्यायालय अटही घालू शकतं: तुमची मान्य बिलं चार आठवड्यांत मिळतील, पण या काळात योजनेतला एकही रुग्ण परत पाठवायचा नाही, आणि तुमच्या धर्मादाय खाटांचा तक्ता पुढच्या तारखेला दाखल करायचा. अशी अट तक्रार निवारण समिती घालू शकत नाही.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हे अधिक ठळक होतं. बंगालमधला हकीम शेख हा मजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला आणि त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही राज्याची सबब होऊ शकत नाही. आज राज्य तो हक्क मोठ्या प्रमाणावर खासगी रुग्णालयांमार्फत पुरवतं. मग राज्याने त्यांचे पैसे रोखले तर तुटतो तो हकीम शेखचाच हक्क. पण ते त्याला कळणार कसं? काउंटरवर त्याला ‘योजनेतली खाट शिल्लक नाही’ एवढंच सांगितलं जातं. खाट का शिल्लक नाही, याचं उत्तर क्लेमच्या पोर्टलवर असतं आणि ते पोर्टल रुग्णालय आणि यंत्रणा सोडून कोणी पाहू शकत नाही. रुग्णालय याचिका करतं तेव्हा ते शपथपत्रावर येतं. पंजाबमध्ये डॉक्टरांच्या संघटनेच्या याचिकेवर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने केंद्राकडून आलेल्या निधीचा हिशेब मागितला आणि सप्टेंबरमध्ये आरोग्य विभागाच्या व राज्य आरोग्य यंत्रणेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची वेतनं गोठवण्याचा आदेश दिला. वेतन गोठवणं मला टोकाचं वाटतं. अधिकाऱ्याच्या घरावर राज्याच्या तिजोरीचा राग काढू नये. पण निधी आला किती आणि गेला कुठे, हा प्रश्न विचारण्याची ताकद दुसऱ्या कोणत्या मंचात होती?

सरकारला हे खटले नको असतील, तर मार्ग त्याच्याच हातात आहे. स्थावर संपदेच्या वादांसाठी जसं नियामक प्राधिकरणाच्या वर वेगळं अपिलीय न्यायाधिकरण आहे, तसं आरोग्य योजनांसाठी यंत्रणेपासून स्वतंत्र न्यायाधिकरण उभं करावं. त्यात न्यायिक सदस्य असावा, हृदयरोग किंवा अस्थिरोगाची फाइल वाचू शकणारा डॉक्टर असावा, आणि उपचार नाकारलेल्या रुग्णालाही तिथे अर्ज करता यावा. मान्य क्लेम मुदतीत दिला नाही तर व्याज लागावं आणि ते मागायला रुग्णालयाला अर्ज करावा लागू नये. ते न्यायाधिकरण झालं की उच्च न्यायालयाने ‘आधी तिकडे जा’ असं जरूर सांगावं. त्यानंतरही अनुच्छेद २२६ त्या न्यायाधिकरणाच्या वर शिल्लक राहील, कारण न्यायाधिकरण नेमून उच्च न्यायालयाचा अधिकार काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून ठरलेलं आहे. पण आज असं न्यायाधिकरण नाही. ज्या समितीकडे रुग्णालयाला पाठवलं जातं तिच्या अध्यक्षस्थानी प्रतिवादी बसलेला आहे, आणि ज्याला पर्यायी उपाय म्हणायचं तो निदान प्रतिवादीपासून वेगळा असायला हवा. तो तसा होईपर्यंत थकलेल्या, मान्य केलेल्या बिलांची याचिका पहिल्याच तारखेला पर्यायी उपायाच्या कारणावरून निकाली काढली जाऊ नये.